माल्टा ते क्रीट, एक तास चाळीस मिनिटं

“मॅडम, उद्याची आपली गाडी किती वाजताची?”

माल्टातल्या हॉटेलात सकाळचा नाश्ता चालला होता. माझी चोवीस माणसं बुफेच्या रांगेत उभी राहून कुठल्या पदार्थात अंडं आहे आणि कुठल्यात नाही याचा शोध घेत होती. मी नुकता चहाचा कप घेऊन टेकले होते. समोर इंगवलेकाका उभे. विमानाला ते गाडीच म्हणायचे, कारण छत्तीस वर्षं एसटीत काढलेली, त्यातली पंचवीस कोल्हापूर स्टँडवर वाहतूक नियंत्रक म्हणून. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली आणि किती वाजता सुटणार, हे माइकवरून सांगणारा माणूस.

“कुठली गाडी, काका?”

“क्रीटची. उद्या भाचीचं लगीन न्हवं का तिथं! तुम्हीच म्हनलाता, एक तास चाळीस मिन्टं.”

माझा चहा तिथंच निवला. म्हणाले होते खरं. दोन महिन्यांपूर्वी कंपनीच्या कोल्हापूर ऑफिसात हे गृहस्थ आले होते, माल्टाच्या सहलीचं पत्रक चाळत. क्रीट बेटाची सहल आमच्याकडे नव्हती; माल्टाहून तिथं भाचीच्या लग्नाला जायला किती वेळ लागतो, असं त्यांनी विचारलं. मी कॉम्प्युटरवर दोन्ही विमानतळांची नावं टाकली. क्षणात उत्तर आलं: अंतर नऊशे सत्तर किलोमीटर, प्रवासाचा वेळ एक तास चाळीस मिनिटं. मी खुर्चीत मागे रेलून सांगितलं, “काका, सकाळी जायचं, लग्न लावायचं, दुसऱ्या दिवशी परत. माझ्यावर सोडा.” त्यांनी त्याच दिवशी सहल पक्की केली. मी माझं टार्गेट पूर्ण झाल्याच्या आनंदात ते सगळं विसरून गेले.

तेव्हा मी एकोणतीस वर्षांची होते. अश्लेषा करमरकर, टूर मॅनेजर, स्वतंत्र ग्रुप घेऊन दुसरीच सहल. अडलेल्या माणसाला “बघून सांगते” असं म्हणणं मला कमीपणाचं वाटायचं. आजही मी फार बदललेय असं माझ्या नवऱ्याला वाटत नाही.

“सांगते काका, अर्ध्या तासात,” म्हणून मी खोलीवर पळाले.

अर्ध्या तासात कळलं ते असं: माल्टाहून क्रीटला उद्या थेट विमान नव्हतं. परवाही नव्हतं. त्या मोसमात ते नव्हतंच. कॉम्प्युटरवरच्या त्या पानानं मला दोन ठिपक्यांमधली सरळ रेघ मोजून दिली होती, विमानाच्या वेगानं भागली होती, आणि मी ती रेघ एका माणसाला विकली होती. खरं जायचं तर आधी अथेन्स आणि तिथून दुसरं विमान. निघण्यापासून पोचण्यापर्यंत सव्वाचार तास, तेही सगळं वेळेवर झालं तर.

खोटं बोलायचा मोह झाला नाही असं नाही. पण खाली उतरले तर काका लॉबीत इस्त्रीचा शर्ट घालून, मांडीवर छोटी वही उघडून बसलेले दिसले. मी सगळं सांगून टाकलं.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, “म्हंजे त्या रस्त्यावर गाडीच न्हाई?”

“नाही.”

“मग ते एक तास चाळीस मिन्टं कुणाचा रनिंग टाइम हाय?”

“कुणाचाच नाही, काका. नुसतं अंतर भागिले वेग.”

“गाडी न्हाई आन् टाइम काढलाय!” ते माझ्याकडे बघत राहिले. “आमच्यात असं केलं असतंसा तर मेमो मिळाला असता तुमास्नी.”

मला हसू आलं आणि रडूही. त्यांनी मात्र वहीचं नवं पान काढलं. “बरं, बदलून जाऊ. अथेन्सात मधी किती वेळ मिळतोय?”

“दीड तास.”

“लई झाला. पोचनार कवा?”

“तिथले साडेतीन.”

त्यांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. ते घड्याळ त्यांनी मुंबई सोडल्यापासून हलवलंच नव्हतं. ग्रुपमधले सगळे रोज उठून आपापल्या घड्याळांशी झगडायचे, आणि काका कोल्हापूरच्या वेळेवर ठाम. “मुहूर्त सात वाजून दोन मिन्टांचा, गोरज,” ते म्हणाले. “गुरुजी कोल्हापुरात बसून व्हिडिओवर मंगलाष्टका म्हननार. पंचांग कोल्हापूरचं, घड्याळ कोल्हापूरचं. तिथल्या हिशेबानं साडेचार आन् वर दोन मिन्टं.”

म्हणजे क्रीटमध्ये भर उन्हात गोरज मुहूर्त लागणार होता. मला ते फार आवडलं.

आता प्रश्न एकच उरला. काकांना इंग्रजी येत नव्हतं आणि विमान बदलायची त्यांना सवय नव्हती. आमच्याकडे नियम असा की टूर मॅनेजरनं ग्रुप सोडून गावाबाहेर पाऊल टाकायचं नाही. पण मुलीला बोहल्यावर मामानं आणायचं असतं, आणि तो मामा माझ्या एका वाक्याच्या भरवशावर भूमध्य समुद्रात भलत्या बेटावर येऊन बसला होता. त्याला पोचवल्याशिवाय मला झोप लागली नसती.

रात्रीच्या जेवणाला मी उभी राहून ग्रुपला सगळं सांगितलं, माझी चूक धरून. शनिवार मोकळाच होता, बाजारासाठी ठेवलेला. रविवारी दुपारपर्यंत मी परत येणार होते आणि घरी जायचं विमान रात्रीचं होतं. मग साताऱ्याच्या राजहंसबाई उठल्या. निवृत्त मुख्याध्यापिका.

“चाळीस पोरी घेऊन मी रायगड चढून उतरले आहे,” त्या म्हणाल्या. “हे तेवीस तर नुसते दुकानात जाणार. तू जा. आणि इंगवले, लग्नाला जाताय ते रिकाम्या हातानं जाऊ नका.”

असं म्हणून त्यांनी पिशवीतला बेसनाच्या लाडवांचा डबा काढून टेबलावर ठेवला. त्यांच्यामागून चिवडा आला, शंकरपाळे आले, कुणाकडून लोणच्याची बाटलीही. बाटली विमानात नेता येणार नाही हे पटवायला मला दहा मिनिटं लागली.

पुण्याच्या मुख्य ऑफिसला मी फोन केला नाही. केला असता तर ते नको म्हणाले असते. पुढे त्याबद्दल मला कडक पत्र मिळालं आणि वर्षभरानं मी ती नोकरी सोडली, पण तो वेगळा विषय आहे.

शनिवारी माल्टाच्या विमानतळावरच घोडं अडलं. विमान पंचावन्न मिनिटं उशिरा सुटणार असल्याची पाटी लागली. मी काउंटरवर दोनदा जाऊन आले, दोन्ही वेळा तेच गोड हसू मिळालं.

“कारन काय सांगत्यात?” काकांनी विचारलं.

“मागचं विमान उशिरा आलं म्हणे.”

“खरं असंल. आमीबी तेच सांगायचो,” ते म्हणाले आणि लाडवांचा डबा मांडीवर घट्ट धरून बसले.

अथेन्सला विमानातून बाहेर पडलो तेव्हा पुढच्या विमानाला पंचवीस मिनिटं होती. आम्ही धावलो. चौसष्ट वर्षांचा माणूस माझ्यापुढे धावत होता. दारापाशी पोचलो तर ते बंद. काचेपलीकडे आमचं विमान उभं होतं आणि आमच्यासाठी दार उघडायला कुणी तयार नव्हतं. मी दारावरच्या बाईकडे आधी गयावया केली, मग भांडले, मग पुन्हा गयावया केली. शेवटी तिनं पुढच्या विमानात दोन जागा दिल्या. तीन वाजून पाच मिनिटांनी सुटणार, पाच कमी चारला पोचणार.

काकांनी वहीत आकडे मांडले. “उतरून भाईर यायला पंधरा. टॅक्सीनं किती?”

“वीस मिनिटं म्हणतात. पत्ता द्या बरं, मी नकाशात घालून ठेवते.”

त्यांनी खिशातून लग्नपत्रिका काढली. भावकीतल्या कुणाच्या फोनवर आलेली, त्यांनी दुकानातून छापून घेतलेली. घडी घालून पत्त्याचा भाग तेवढा वर ठेवला होता. ऑफिसातही मला त्यांनी तेवढाच दाखवला होता. नकाशात नाव जुळेना म्हणून मी पत्रिका त्यांच्या हातातून घेतली आणि उलगडली.

वधू ऋजुता, वर मनोलिस. खाली आईवडिलांची नावं, आजीआजोबा कैलासवासी, काका-काकू, आत्या, आतेभावंडं. आपल्या पत्रिका मला चांगल्या वाचता येतात. कोण रुसलंय, कुणाचं कुणाशी पटत नाही, सगळं त्यात असतं. मामाची ओळ नव्हती. मी पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचलं. हिंदुराव इंगवले हे नाव कुठंच नव्हतं.

“काका, यात तुमचं नाव नाही.”

“न्हाई.”

“तुम्हाला आमंत्रण आहे ना?”

ते समोरच्या बंद दाराकडे बघत होते. “न्हाई,” ते म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. तेवीस माणसं परक्या देशात सोडून, नोकरी पणाला लावून, मी एका अशा मामाला घेऊन धावत होते ज्याची तिथं कुणी वाटच बघत नव्हतं. “मग मला सांगायचं नाही?” माझा आवाज चढला. शेजारची माणसं वळून बघायला लागली. “मी काय मूर्ख आहे का?”

“सांगितलं असतं तर आला असता?”

“नसते आले!”

“म्हनून न्हाई सांगितलं,” ते म्हणाले.

मी उठून दहा पावलं दूर गेले आणि काचेला नाक लावून उभी राहिले. परत माल्टाला जायचं विमान आहे का, हेही फोनवर बघितलं. संध्याकाळी होतं. मग मी वळून पाहिलं. काका डबा मांडीवर घेऊन तसेच बसले होते, पाठ ताठ. मी परत येऊन त्यांच्याशेजारी बसले.

“काय झालं होतं?”

ते बोलायला लागले तेव्हा स्टँडवरच्यासारखं, एकेक वाक्य सुटं.

“मालन माझी धाकटी भन. तिनं जातीभाईर लगीन ठरवलं. आबा म्हनले, कुनी जायचं न्हाई. निपानीला लगीन व्हतं, तिच्या सासरी. कोल्हापूर-निपानी चाळीस किलोमीटर. सव्वा तास. सकाळची सव्वाआठची निपानी गाडी फलाट तीनला मीच लावली. माइकवर मीच सांगितलं. आदल्या दिवशी तिनं स्टँडवर फोन केल्ता. म्हनली, दादा, आबा न्हाई आलं तरी चालंल, तू ये. मी म्हनलो, येतो.”

“आणि?”

“गाडी सोडली. मी न्हाई बसलो.” त्यांनी घड्याळाच्या काचेवरून अंगठा फिरवला. “संध्याकाळपतुर निपानीच्या अकरा गाड्या सुटल्या, मॅडम. अकराबी मीच सोडल्या. दर गाडीला वाटायचं, हिला बसावं. सत्तावीस वर्सं झाली. आबा गेलं, आई गेली, तवा आली व्हती. माझ्याशी बोलली न्हाई. मी काय तोंडानं बोलू?”

माझा राग कुठं गेला ते मला कळलं नाही. मला त्यांचा हात धरावासा वाटला, आणि मी धरला.

“आता जाऊन काय करणार?”

“लांबनं बघीन. अक्षता टाकीन. तिनं हाकललं तर भाईर थांबीन, तुमचं विमान असंल तवा जाऊ परत. पोरीच्या लग्नाला मामा न्हवता असं व्हायला नगं.” मग जरा थांबून म्हणाले, “तुमची नोकरी जाईल का वो?”

“ते माझ्यावर सोडा,” मी म्हणाले. दोन महिन्यांपूर्वी हेच मी सहज म्हणून गेले होते. या वेळी मात्र मला दरदरून घाम फुटला होता.

दुसरं विमान वेळेवर सुटलं. पन्नास मिनिटांत समुद्र संपला आणि क्रीटचे करडे डोंगर आले. उतरताना काका पहिल्यांदाच खिडकीबाहेर बघत होते. बाहेर यायला त्यांच्या हिशेबापेक्षा चार मिनिटं कमी लागली. टॅक्सीवाल्याला मी लग्न, मामा आणि घड्याळ हे तिन्ही हातवारे करून समजावलं. त्याला काय कळलं देव जाणे, पण त्यानं गाडी अशी हाणली की काका दोनदा “सावकाश” म्हणाले.

चार वाजून पंचवीस मिनिटांनी आम्ही त्या हॉटेलच्या फाटकाशी होतो. ऋजुता तिथंच कामाला होती. मागच्या अंगणात द्राक्षवेलींचा तयार मांडव होता आणि त्याखाली चाळीसेक माणसं. निम्मी ग्रीक, गळ्यात झेंडूच्या माळा घालून कौतुकानं उभी. मनोलिस फेटा बांधून पाटावर उभा होता, पुढे दोघांनी अंतरपाट धरलेला. टेबलावर लॅपटॉप, त्यात गुरुजींचा चेहरा आणि मागे कोल्हापूरची संध्याकाळ. नवरी कडेच्या दारात मान खाली घालून थांबली होती.

काका फाटकाच्या आत दोन पावलं आले आणि खांबाशी थांबले. मी डबा त्यांच्या हातातून घेतला. त्यांनी खिशातून कागदाची पुडी काढली. अक्षता घरूनच आणल्या होत्या.

तेवढ्यात लॅपटॉपमधून खणखणीत आवाज आला, “मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं. वेळ होत आली.”

गुरुजींना कुणी सांगायचं विसरलं असावं. मांडवातली मराठी माणसं एकमेकांकडे बघायला लागली. नवरीशेजारी हिरव्या साडीतली एक बाई उभी होती, काकांचंच नाक, काकांचीच हनुवटी. मालनबाई. त्या पुढे झाल्या आणि रोजचा निरोप द्यावा तशा म्हणाल्या, “मामा न्हाईत, गुरुजी. मीच आणते.”

मी काकांकडे पाहिलं. ते जागचे हलले नव्हते.

“जा ना, काका.”

त्यांनी मान हलवली. “हितनंच टाकतो.”

“वीस पावलं आहेत!”

“न्हाई जमायचं मला,” ते म्हणाले. मला एकदम तो फलाट दिसला, आणि सुटून जाणाऱ्या त्या अकरा गाड्या. बारावी मी सोडणार नव्हते.

माझा आवाज मोठा आहे. परदेशातल्या रेल्वे स्टेशनांवर चोवीस माणसं गोळा करून करून तो कमावलेला आहे. मी हात वर केला आणि ओरडले, “आहेत! मुलीचे मामा आलेत!”

सगळं अंगण वळलं. ग्रीक पाहुण्यांना हाही विधीच वाटला असावा, त्यांतल्या दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या. मग त्याही थांबल्या.

मालनबाईंनी आपल्या भावाकडे पाहिलं. चेहऱ्यावर राग नाही, आनंद नाही, काहीच नाही. त्या नुसत्या बघत राहिल्या. ऋजुतानं मान वर करून आईकडे पाहिलं, मग खांबाशी उभ्या असलेल्या त्या अनोळखी माणसाकडे.

“आलेत न्हवं?” लॅपटॉपमधून गुरुजी म्हणाले. “मग अडलंय कुठं? तीन मिनिटं राहिलीत.”

मालनबाई बोलल्या त्या माझ्याकडे बघून. “त्यास्नी म्हणावं, पायताण काढा. देवाबामणाचं काम हाय.”

काका खाली वाकले. सहलीसाठी घेतलेले नवे कोरे स्पोर्ट्स शूज होते, आणि धावपळीत सुटू नयेत म्हणून नाड्यांना दुहेरी गाठी मारलेल्या. त्यांची बोटं नाडीवरून नुसती घसरत होती. मी डबा खाली ठेवला आणि गुडघ्यावर बसून एका बुटाला हात घातला. गाठ घट्ट होती. माझ्यानंही ती सुटेना.

“सर बाजूला,” कुणीतरी म्हणालं.

हिरव्या बांगड्या भरलेले दोन हात माझ्यासमोर आले. मालनबाई नव्या साडीनिशी त्या धुळीतल्या फरशीवर बसल्या होत्या. त्यांनी माझा हात दूर केला, भावाचा पाय पुढे ओढून मांडीशी घेतला आणि मान खाली घालून नाडी सोडवायला लागल्या. काका त्यांच्या वाकलेल्या पाठीकडे बघत एका पायावर उभे होते. डोळ्यांतून पाणी सरळ वाहत होतं.

“मालन,” लॅपटॉप म्हणाला, “दीड मिनिट.”

एक बूट निघाला. मालनबाईंनी दुसरा पाय ओढला. त्यांनी मान वर केली नाही, पण त्यांचा आवाज साऱ्या मांडवात ऐकू गेला.

“थांबा गुरुजी. तुमचा मुहूर्त ऱ्हाऊ दे बाजूला. तिचा मामा येतोय.”